भेदरलेला कुत्रा आणि अ‍ॅजिलिटीचं मैदान

सुटका करून आणलेला एखादा कुत्रा सुरुवातीचे कित्येक दिवस सोफ्याखाली काढतो. दाराची बेल वाजली की थरथरतो, अनोळखी माणूस दिसला की शेपूट पायांत घालतो. अशा कुत्र्याचं नाव कुणी अ‍ॅजिलिटीच्या स्पर्धेसाठी नोंदवलं, की दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक, ‘बिचाऱ्याला कशाला छळता?’ आणि दुसरं, ‘उतरवा मैदानात, भीती आपोआप मोडेल.’ दोन्ही चुकीची आहेत, आणि दुसरं अधिक घातक आहे.

आधी खेळ समजून घेऊ. 1978 मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात क्रफ्ट्स हे श्वानप्रदर्शन भरलं होतं. मुख्य रिंगणातला मधला मोकळा वेळ भरून काढण्यासाठी समितीतले जॉन व्हार्ली आणि प्रशिक्षक पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या शो जंपिंगवरून कुत्र्यांसाठी अडथळ्यांची शर्यत बेतली. उड्या, बोगदा, चढउताराची ‘ए-फ्रेम’, उंचावरची अरुंद फळी म्हणजे ‘डॉग वॉक’, सीसॉ, आणि ओळीने रोवलेल्या खांबांमधून नागमोडी पळणं, असं आज त्याचं स्वरूप आहे. अडथळ्यांचा क्रम दर फेरीला बदलतो. माणसाला तो आधी चालून पाहता येतो, कुत्र्याला नाही. त्यामुळे पुढे कुठे जायचं हे कुत्रा माणसाच्या खांद्यांवरून, पावलांवरून, आवाजावरून ओळखतो. भित्र्या कुत्र्यासाठी या खेळातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. गोंधळाच्या जागीही एका माणसाचं वागणं समजतं आणि ते बदलत नाही, हे तो पुन्हा पुन्हा अनुभवतो. आता या खेळाबद्दलचे आणि भित्र्या कुत्र्यांबद्दलचे काही नेहमीचे गैरसमज पाहू.

‘हा खेळ अस्सल बॉर्डर कॉलीचाच’

बॉर्डर कॉली या खेळात पुढे असतात हे खरं, पण दार इतरांनाही उघडं आहे. अमेरिकेत 1986 मध्ये सुरू झालेल्या ‘यूएसडीएए’ या संस्थेने मिश्र जातीच्या कुत्र्यांना कधी अडवलं नाही. अमेरिकन केनेल क्लबने मात्र त्यांना 2010 मध्ये स्पर्धेत घेतलं. अमेरिकेतल्या मराठी घरात आपल्याकडचा इंडी कुत्रा असेल, तर त्याचीही तिथे नोंदणी होऊ शकते. 2024 मध्ये वेस्टमिन्स्टर या अमेरिकेतल्या श्वानप्रदर्शनाच्या अ‍ॅजिलिटी स्पर्धेत निंबल ही मिश्र जातीची कुत्री सर्वांवर मात करून पहिली आली. तिथे मिश्र जातीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. ती बॉर्डर कॉली आणि पॅपिलॉन यांचं मिश्रण आहे. असं मिश्रण या खेळासाठी मुद्दामही पैदा केलं जातं, त्यामुळे रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याचं उदाहरण म्हणून तिचं नाव घेऊ नये. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या जागतिक स्पर्धेत अजूनही वंशावळ लागतेच.

‘एकदा जबरदस्तीने फळीवर चढवलं की भीती जाते’

सर्वाधिक नुकसान या समजाने होतं. सीसॉचंच घ्या. फळी पायाखाली हलते, मध्य ओलांडला की झुकते आणि जमिनीवर धाडकन आपटते. उंची, हालचाल आणि आवाज ही तिन्ही भयं एकाच ठिकाणी. पट्ट्याने ओढून कुत्र्याला त्यावरून नेलं तर तो एकदा जाईलही. पण सुटका नाही हे कळल्यावर गोठून गेलेला कुत्रा शांत दिसतो, तो धीट झालेला नसतो. पुढच्या वेळी नुसता सीसॉ दिसला तरी तो मैदानाच्या दाराशीच अडतो.

कामाची पद्धत हळू आहे. फळीचं टोक जेमतेम काही बोटं हलेल इतकंच उचललेलं असतं आणि खाली गादी असते. कुत्र्याने स्वतःहून पंजा ठेवला, जरासा आवाज झाला की लगेच चिकनचा तुकडा. नको वाटलं तर त्याने उतरून निघून जावं, कुणी अडवत नाही. हे निघून जाण्याचं स्वातंत्र्य खरं असेल तरच तो परत येतो. आवाज म्हणजे खाऊ, ही सांगड घट्ट झाली की उंची थोडी वाढवायची.

धाक दाखवून शिकवण्याबद्दलही पुरावा आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पोर्तुगालमधल्या 92 कुत्र्यांच्या अभ्यासात धाकाच्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉलही अधिक वाढलं.

‘घाबरल्यावर जवळ घेतलं तर लाड होतात, भीती वाढते’

दिवाळीत फटाक्यांनी पलंगाखाली शिरलेल्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करा, हा सल्ला आपल्याकडेही सर्रास मिळतो. भीती ही भावना आहे. खाऊ मिळतो म्हणून कुणी ठरवून घाबरत नाही. कुत्रा जवळ आला तर त्याला जवळ घ्यावं, खाऊ द्यावा. तो चिकनही घेत नसेल तर भीती फार वाढली आहे असं समजावं आणि त्याला तिथून दूर न्यावं. रिंगणाच्या कडेलाही हेच लागू आहे.

‘बघा किती मजेत धावतोय!’

मधेच अडथळे सोडून कुत्रा रिंगणभर गोल गोल सुसाट पळू लागतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पुष्कळदा तो ताण असतो. अचानक जमीन हुंगत बसणं, झोप नसताना जांभया, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं याचाही अर्थ तोच असू शकतो. ‘हट्टी आहे’ म्हणून त्याला रागावणं हा मला सरळ अन्याय वाटतो. आधी उडी मारणारा कुत्रा अचानक नकार देऊ लागला, तर प्रशिक्षकाच्या आधी पशुवैद्याला दाखवावं. सांध्यांचं किंवा पाठीचं दुखणं भीतीसारखंच दिसतं.

‘पिल्लूपणी राहिलं ते राहिलंच’

साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लू माणसं, आवाज, जागा यांना सरावतं. तो काळ उपासमारीत किंवा पिंजऱ्यात गेला तर त्याची खूण राहते, हे मान्य. पण शिकण्याची क्षमता संपत नाही. अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धेत पंधरा महिन्यांआधी आणि ब्रिटनमध्ये अठरा महिन्यांआधी कुत्र्याला उतरवताच येत नाही, म्हणजे वयाने मोठा कुत्रा इथे मागे पडलेला नसतो.

‘नाव नोंदवलं की गुणांसाठीच धावायचं’

अधिकृत फेरीत खाऊ किंवा खेळणं नेता येत नाही, आणि भित्रा कुत्रा नेमका तिथेच कोसळतो. म्हणून अमेरिकन केनेल क्लबमध्ये ‘फॉर एक्झिबिशन ओन्ली’ आणि ब्रिटनमध्ये ‘नॉट फॉर कॉम्पिटिशन’ अशी सोय आहे. खेळणं घेऊन आत जायचं, दोन उड्या आणि एक बोगदा झाला की बाहेर पडायचं. निकाल लागत नाही. काही कुत्री या टप्प्यावर बराच काळ थांबतात, काही पुढे गुणांच्या फेरीत उतरतात. काहींना गर्दी आणि लाउडस्पीकर कधीच मानवत नाहीत. ती क्लबच्या रिकाम्या मैदानावर किंवा घरामागच्या अंगणात आनंदाने खेळतात. त्यांना स्पर्धेला नेऊ नये.