डेमोचे खेटे

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावरून उतरलेला माणूस कुठंही लपत नाही. केसांत, कानांत, पाकिटातल्या नोटांवर, सगळीकडं गुलाल. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्या गुलालात पिशवीतल्या सीडीही माखायच्या. एक डोंगरावरच्याच वाडी रत्नागिरी गावातल्या दुकानातून खोबऱ्याच्या वाट्यांबरोबर घेतलेली, देवाच्या गाण्यांची. दुसरी कोल्हापूरच्या स्टँडवर पोरानं हट्ट करून घ्यायला लावलेल्या कॉम्प्युटरच्या मासिकातली, पानाला डिंकाच्या ठिपक्यानं चिकटवलेली. तिच्यात गेमचे डेमो, म्हणजे फुकट खेळायला दिलेले थोडेथोडे भाग, असायचे. घरी पोचेपर्यंत दोन्ही चकत्या गुलाबी, आणि तरीही शर्टाच्या टोकानं पुसून ड्राइव्हमध्ये सरकवल्या की बहुतेक वेळा दोन्ही चालायच्या.

त्या कशा चालायच्या, हे बघण्यासारखं आहे. आपण जी चकचकीत बाजू जिवापाड जपायचो, तिच्या पृष्ठभागावर माहिती नसतेच. ती असते १.२ मिलिमीटर जाड पॉलीकार्बोनेटच्या पलीकडं, लेबलच्या अगदी लगत, ॲल्युमिनियमच्या पातळ थराशी. लेसरचा झोत चकचकीत बाजूनं आत शिरतो तेव्हा सुमारे ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि माहितीपर्यंत पोचता पोचता पावणेदोन मायक्रॉनच्या ठिपक्याएवढा बारीक होतो. म्हणजे पृष्ठभागावरची धूळ त्याच्या नजरेत धूसरच राहते. साधा गुलाल म्हणजे बहुतेक रंगवलेलं स्टार्च. मक्याच्या स्टार्चचा कण साधारण १५ मायक्रॉनचा. हिशेब केला तर असा एक कण त्या झोताचा जेमतेम तीन हजारावा भाग अडवतो. लेसरला त्याचं काही वाटत नाही.

मूठभर गुलाल पडला तर मात्र गणिताला कामाला लागावं लागतं. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेली चूक-दुरुस्तीची पद्धत सीडीत दोनदा वापरलेली आहे. शेजारशेजारचे बाइट मुद्दाम लांब लांब विखरून लिहिलेले असतात. त्यामुळं एके ठिकाणी सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा मजकूर गेला तरी उरलेल्यावरून तो जसाच्या तसा उभा करता येतो. गाणं त्याहूनही सोशिक. आवाजाचा एखादा नमुना हरवलाच तर प्लेअर मागचा-पुढचा सूर बघून मधला अंदाजानं भरतो, आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. प्रोग्रॅममध्ये असा अंदाज चालत नाही. एक बिट चुकला तरी गेम कोसळू शकतो. म्हणून डेटाच्या सीडीत २३५२ बाइटच्या प्रत्येक खंडातले फक्त २०४८ कामाचे, आणि उरलेल्यातले बहुतेक आणखी एका पहाऱ्यासाठी.

सीडीवरचा माग एकच, आतून बाहेर जाणारा, पाच किलोमीटरहून लांब. अशा चार सीडींचे वळसे उलगडले तर कोल्हापूरहून निघून जोतिबाच्या पायऱ्यांपर्यंत पोचतील. पुसताना गोल गोल पुसलं की ओरखडा मागाच्या दिशेनंच लांबत जातो आणि अडीच मिलिमीटरची मर्यादा सहज ओलांडतो. मधून कडेकडं सरळ पुसलं तर तोच ओरखडा प्रत्येक वळशाला जराजरासाच छेदतो. आणि लेबलवर बॉलपेननं दाबून नाव घालणं हा तर शुद्ध घात, कारण तिकडून माहिती आणि पेनाचं टोक यांच्यात लॅकरचा पातळ थरच काय तो असतो. आम्ही सगळ्यांनी नावं घातलेली आहेत.

मासिकांबरोबर डिस्क यायची याचं कारण टेलिफोनच्या तारेत होतं. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण पुढची कित्येक वर्षं घरातला मोडेम सेकंदाला चार-पाच किलोबाइटच्या वर जायचा नाही. त्या वेगानं शंभर मेगाबाइटचा एक डेमो उतरवायला पाच-सहा तास, अख्खी सीडी उतरवायला दीड दिवस; मध्ये आत्याचा फोन आला की पहिल्यापासून सुरुवात. त्यापेक्षा ‘पीसी क्वेस्ट’ किंवा २००१ मध्ये मुंबईहून सुरू झालेलं ‘डिजिट’ विकत घेणं केव्हाही स्वस्त. ‘पीसी क्वेस्ट’नं तर लिनक्सही असंच सीडीतून घरोघरी पोचवलं. पण पोरांना लिनक्सशी काय देणंघेणं! ती डिस्क लावून थेट ‘गेम्स’च्या बटनावर जायची आणि मग पाटी यायची, आधी डायरेक्टएक्स टाका. ते टाकलं की मशीन बंद करून पुन्हा चालू.

डेमो म्हणजे वाण्याच्या दुकानातली चव बघायची पद्धत नव्हे, हे मात्र कबूल करायला हवं. धंदा पक्का होता. १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ आला तो पहिला भाग सगळ्यांना फुकट वाटूनच. पुढचे दोन हवे असतील तर पैसे पाठवा. ‘हाफ-लाइफ’च्या लोकांनी १९९९ मध्ये ‘अपलिंक’ नावाचा डेमो काढला, त्यातले प्रसंग मूळ गेममध्ये नव्हतेच. आमच्याकडं पूर्ण गेमसाठी परदेशात पैसे पाठवणं ही कल्पनाही घरात उच्चारायची सोय नव्हती. त्यामुळं जाहिरात म्हणून आलेली वस्तू इथं संपूर्ण वस्तू ठरली. ‘मोटोक्रॉस मॅडनेस’च्या (१९९८) ट्रायलमध्ये मोजकंच मैदान मिळायचं, पण त्या मैदानाच्या कडेला उभा कडा होता. मोटारसायकल घसरत, पुन्हा पुन्हा वळवत त्याच्या माथ्यावर न्यायची. थोडं पलीकडं गेलं की धडाका व्हायचा आणि अदृश्य तोफेनं उडवल्यासारखा स्वार हातपाय पसरून परत आत येऊन आदळायचा. शर्यत कोण खेळत होतं? दुपारभर कडाच.

ही आठवण इतकी पक्की का? सहसा दिलं जाणारं उत्तर असं की अर्धवट राहिलेलं काम मन सोडत नाही. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये तसं दाखवलं होतं: मध्येच थांबवलेली कामं लोकांना पूर्ण केलेल्यांपेक्षा जास्त आठवली. डेमो अर्धवट, म्हणून लक्षात राहिला. उत्तर सुबक आहे. पण पुढच्या काळात हा प्रयोग पुन्हा करणाऱ्यांना तोच निकाल दर वेळी मिळाला नाही. मारिया ओव्हसियांकिना यांचं १९२८ मधलं निरीक्षण जास्त टिकलं. सोडलेल्या कामाकडं माणूस संधी मिळताच परत वळतो, एवढंच ते सांगतं. आठवण नव्हे, परत वळणं.

आणि माझ्या मते सगळी गंमत त्या परत वळण्यातच आहे. माघातल्या रविवारी कोल्हापुरातून कुशिरे, गायमुख करत चालत डोंगर चढणाऱ्यांचे खेटे बघा. वाट तीच, देव तोच, आणि दर आठवड्याला पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या खेट्याला पायाखालचा दगड न बघता कळतो. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की एका दमात घोकण्यापेक्षा वेगवेगळ्या दिवशी थोडी थोडी केलेली उजळणी जास्त टिकते. पूर्ण गेममध्ये पहिली पातळी एकदा ओलांडली की मागं कोण बघतो? डेमोत दुसरी नसायचीच. पुढचा अंक यायला महिना. तोवर त्याच पातळीचे खेटे.

शिवाय ही उजळणी बोटांची असते आणि बोटांचं खातं मेंदूत वेगळं आहे. १९५३ मधल्या शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवू न शकणाऱ्या एका रुग्णाला ब्रेंडा मिलनर यांनी आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. आपण हे काल केलं होतं हे त्याला दुसऱ्या दिवशी आठवत नसे, तरी हात मात्र दिवसेंदिवस सुधारत गेला. डेमोचं नाव विसरलेल्या माणसाची बोटं त्याच वळणावर आपोआप डावीकडं का वळतात, याचं मूळ इथं आहे. वयाचाही हातभार लागतो. चाळिशीपलीकडच्या माणसांना आठवणी सांगायला लावल्या तर दहा ते तीस वयातल्याच जास्त निघतात.

वस्तू म्हणून डेमो टिकतो का, हा वेगळा प्रश्न. २०१४ मध्ये प्लेस्टेशनवर ‘पी.टी.’ नावाचा भीतीदायक डेमो फुकट उतरवायला मिळाला. पुढच्या वर्षी कंपनीनं तो दुकानातून काढला, आणि ज्यांच्या यंत्रात तो आधीच होता त्यांच्या जुन्या यंत्रांना भाव आला. मासिकाची डिस्क अशी परत मागता येत नाही. तिच्यातले माहितीचे खळगे साच्यानं दाबलेले असतात. घरी लिहिलेल्या सीडीत काम रंगद्रव्यावर चालतं आणि ते विटतं. दाबलेल्या डिस्कचा शत्रू ओल. श्रावणात जोतिबावर धुकं खिडकीतून आत येतं तसल्या हवेत लॅकर कुठं उचकटलं की ॲल्युमिनियम गंजायला लागतं. २००१ मध्ये बेलीझ या देशातून आणलेल्या सीडीत तर स्पॅनिश संशोधकांना थर खाणारी बुरशीच सापडली होती.

जगभरच्या अशा शेकडो डिस्कच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर लोकांनी चढवून ठेवल्या आहेत, आणि त्या ब्राउझरमध्ये उघडून आत काय काय आहे ते बघताही येतं. आपल्याकडच्या मासिकांच्या डिस्क अजून माळ्यावर, जुन्या अंकांच्या चळतीत असतील. काढल्यात तर एकेक दिव्यासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला ॲल्युमिनियमचा थर गेलेला आहे. अशा डिस्कची प्रत सगळ्यांत आधी काढा. यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह अजून मिळतो.