तांबड्या लोकरीची माशी

उजनी धरणात १९८० साली पाणी अडले आणि करमाळा तालुक्यातील भीमाकाठची गावे जलाशयाच्या काठावर आली. तेथील एक वृद्ध मासेमार गेली अनेक वर्षे माझ्याकडे उपचारांसाठी येतात. वय बहात्तर, जुना मधुमेह, बोटांच्या टोकांना बधिरता. दोन वर्षांपूर्वी गळ टोचल्याची जखम त्यांना जाणवलीच नाही. ती चिघळल्यावर ते आले. मी रागाने म्हणालो, "आबा, यापुढे गळाला हात लावायचा नाही." घरच्यांनी तो शब्द प्रमाण मानला आणि गळांबरोबर जाळे विणण्याची सुईही उचलून ठेवली.

जखम भरली. मात्र चार महिन्यांनी आबा आले, तेव्हा त्यांना सदऱ्याची गुंडी लावता येईना, आणि बोलणेही आटले होते. मी पिळण्यासाठी रबरी चेंडू दिला. तो घरातील लहान मुलांनी खेळून हरवला. चूक माझी होती. जखमेचा विचार करताना, ज्या हाताने पन्नास वर्षे जाळी विणली त्याचे काम मी काढून घेत आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही.

मग एक जुना उद्योग आठवला. इसवी सनाच्या दोनशेच्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील मासेमारांविषयी लिहून ठेवले आहे : ते गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधत, आणि मासा त्याला माशी समजून फसे. अमेरिकेत २००५ पासून जायबंदी सैनिकांना अशा माश्या बांधायला व त्यांनी मासे धरायला शिकवणारी एक संस्था काम करते. लोकर, कोंबडा आणि गळ यांची आपल्याकडे वाण नाही.

कृती सोपी आहे. लांब दांडीचा, सहा किंवा आठ क्रमांकाचा गळ घ्यावा. क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानात लक्षात ठेवावे. टोकामागचा उलटा काटा घरातील धडधाकट माणसाने पकडीने आधीच दाबून सपाट करावा, म्हणजे गळ चुकून रुतला तरी सहज निघतो. टोकावर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा बसवावा. मग गळ वाकणापाशी पकडीत धरून पकडीच्या मुठींना घट्ट रबर गुंडाळावे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. शिवणाचा दोरा नेढ्याच्या मागून वाकणापर्यंत गुंडाळत न्यावा, तेथे लोकरीचे टोक बांधावे आणि दोरा पुढे आणावा. आता लोकर वेढ्याला वेढा लावीत पुढे आणून बांधावी. मात्र नेढ्यामागे ज्वारीच्या दाण्याएवढी जागा मोकळी सोडावी. नवशिक्या हमखास येथेच चुकतो आणि पीस बांधायला जागा उरत नाही. कोंबड्याच्या मानेचे पीस आधी साबणाने धुऊन उन्हात वाळवलेले असावे. ते त्या जागेत बांधून तीन वेढे द्यावेत, दोरा तीनदा फास करून ओढावा आणि गाठीवर नखे रंगवण्याच्या बिनरंगी पॉलिशचा थेंब सोडावा.

अंगठा व तर्जनी यांची चिमूट, दोरा ताणून धरणे, एका हाताने धरून दुसऱ्याने फिरवणे : गुंडी लावण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक हालचाली यात येतात. बैठक पंधरा-वीस मिनिटांचीच असावी. प्रकाश भरपूर हवा, शक्यतो खिडकीपाशी दिवसाचा. म्हाताऱ्या डोळ्याला बारीक कामासाठी तरुणापेक्षा कितीतरी अधिक उजेड लागतो. सांधे सुजून गरम झाले असतील त्या दिवशी विश्रांती घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी, हात फार कापणाऱ्यांनी आणि विस्मरणाचा आजार असणाऱ्यांनी गळाला स्पर्शही करू नये. त्यांना जाड, बोथट तारेवर हेच वेढे घालायला द्यावेत. हात तेवढाच चालतो. रोज रात्री बोटे उजेडात तपासावीत. काटेरी गळ रुतलाच तर ओढू नये, डॉक्टरांकडे यावे, आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते सांगावे.

घरच्यांसाठी आणखी एक गोष्ट. गाठ सुटली की आपला हात आपोआप पुढे जातो. तो आवरावा. आबांच्या पत्नीला हे सर्वांत जड गेले.

पहिली माशी पाहून आबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, असला किडा म्या जल्मात बघितला न्हाई. मासा तरी कुठं बघनार हाय!" कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी आपणहून बोलले. बोटांची बधिरता यामुळे गेलेली नाही, आणि जाणारही नाही. तिच्यासाठी साखर ताब्यात ठेवणेच आले. गुंडी मात्र अडीच महिन्यांनी लागू लागली, वरची एक सोडून.

गळ मोजून देण्याची आणि मोजून घेण्याची शिस्त मावशींनी लावली आहे. स्टीलच्या डब्यात बारा गळ; रोज संध्याकाळी बाराच परत आले पाहिजेत. गेल्या महिन्यात एकदा अकराच भरले. अंथरुणे झटकली, केरसुणीने कोपरे झाडले, आबांचे तळपाय उजेडात पाहून झाले. अंधार पडल्यावर थोरला नातू पाण्यावरून परतला. त्याच्या हातात वीतभर चिलापी होती, आणि तिच्या जबड्यात तांबडी लोकर.