ताकदीची पुडी आणि शुगरचा रिपोर्ट

लकडगंजात लाकूड मागायला कुणी लाजत नाही. सागवान हवंय? बिनधास्त भाव करा! पण तिथून जवळच, इतवारीतल्या जडीबुटीच्या दुकानासमोर भल्याभल्यांचा आवाज आपोआप खाली येतो. ‘भाऊ, ते... ताकदीचं आहे काही?’

ऑफिसातल्या मित्रासोबत मी तिथे गेलो. वय बत्तीस, नोकरी झकास, लग्नाला दोन वर्षं आणि बेडरूममध्ये टेन्शन. दुकानदाराने एकही प्रश्न न विचारता सफेद मुसळी आणि अश्वगंधा पुढे केली.

मुसळी तशी आपलीच. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम, चक्क मुंबईच्या बोरिवलीवरून! पण तिच्यावरचे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत, माणसांवरचा पुरावा तोकडाच. कोरियन जिनसेंगचा तर जगभर बोलबाला. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात त्याचा फायदा अगदीच किरकोळ निघाला. योहिंबे या आफ्रिकन सालीने बीपी आणि धडधड वाढू शकते.

आणि ‘शंभर टक्के हर्बल’ गोळीने तासाभरात कमाल केली, तर खूश होण्याआधी शंका घ्या. अशा गोळ्यांत लपवलेलं सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, अमेरिकेच्या एफडीएने वारंवार पकडलंय. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याचं बीपी त्याने इतकं घसरतं की जिवावर बेतू शकतं.

बॉस, ताठरता हा रक्तपुरवठ्याचा खेळ आहे. तिथल्या रक्तवाहिन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४. त्यामुळे चरबीचा थर साचू लागला की बोंब आधी खाली उठते. हृदयाचा त्रास त्यानंतर काही वर्षांनी दिसू शकतो. म्हणजे ही नुसती ‘कमजोरी’ नाही, आगाऊ नोटीसही असू शकते!

मित्राने पुडी घेतली, पण माझ्या आग्रहाखातर रक्तही तपासलं. शुगर वाढलेली निघाली. नुसत्या चूर्णावर राहिला असता, तर ती कळायला आणखी किती वर्षं गेली असती?

तेव्हा मंडळी, त्रास वारंवार होत असेल तर आधी शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासा. सिगारेट आणि खर्रा सोडा; निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. पहाटे सगळं ठीक असेल आणि रात्रीच गाडी अडत असेल, तर कारण मनातही असू शकतं. चूर्ण सुरू असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. आणि हो, बायकोशीही बोला. सगळ्यात मोठा साइड इफेक्ट गप्प बसण्याचाच असतो.