बाराव्या वर्षाची वेस
हैदराबादचे हॅम आणि उंबरठ्यावरची मुले

हैदराबादच्या कोठी भागात गुजराती गल्ली आहे. रेझिस्टर, कपॅसिटर, क्रिस्टल, तांब्याची तार, सोल्डरिंग आयर्न असे सारे तिथे सुटे मिळते. तिथून जांबागेतली विवेकवर्धिनी फार लांब नाही. निजामाच्या राज्यात मराठी मुलांना आपल्या भाषेतून शिकता यावे म्हणून १९०७ साली सुरू झालेली ही संस्था. या परिसरातल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीने गल्लीतून सुटे भाग आणून रेडिओ जुळवला, तर घरचे कौतुकच करतील. पण त्याच संचातून तिला हवेत आपला आवाज सोडायचा असेल, तर कायदा तिचे वय विचारतो. भारतात हौशी रेडिओचा परवाना मिळण्यासाठी किमान वय बारा वर्षे आहे.

बारा हा आकडा बरोबर की चूक, यावर हॅम मंडळींत अधूनमधून वाद रंगतो. हॅम म्हणजे पैशासाठी नव्हे तर हौसेसाठी, स्वतःच्या संचावरून जगाशी बोलणारा परवानाधारक. आपल्या देशात यांची संख्या काही हजारांत आहे, अमेरिकेत ती सात लाखांवर आहे. लोकसंख्येची तुलना करून पाहिली की हा फरक बोचतो. हैदराबादमध्ये तो अधिकच बोचतो, कारण या शहरात काय नाही? ईसीआयएल ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी आहे, संरक्षण खात्याची इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा आहे, शेकडो अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. आणि हौशी रेडिओची राष्ट्रीय संस्थाही इथेच आहे.

राजभवन रस्त्यावर सोमाजीगुडा इथे १९८३ साली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ उभी राहिली. एस. सुरी (कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारी हवेतली ओळख: व्हीयू२एमवाय) हे तिचे संस्थापक. त्याआधी हॅम होणे म्हणजे ओळखीचा कोणी हॅम गाठून त्याच्या मागे मागे फिरणे होते. संस्थेने शिकवणीवर्ग काढले, पत्राने शिकण्याची सोय केली, परीक्षेची तयारी करून घेतली. त्याच दशकात राजीव गांधींच्या रूपाने देशाला हॅम पंतप्रधान मिळाला, त्यांचा कॉलसाइन व्हीयू२आरजी. तेव्हा या छंदाला जी उभारी आली, तिच्यावरच आपण अजून बऱ्याच अंशी जगतो आहोत, असे माझे मत आहे.

या संस्थेचे नाव जगभर झाले ते डिसेंबर २००४ मध्ये. अंदमानातून हौशी रेडिओ कित्येक वर्षे बंद होता. सुरक्षेच्या कारणाने परवानगी मिळत नसे. भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) यांनी पाठपुरावा करून ती मिळवली आणि पोर्ट ब्लेअरमधून व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनने प्रक्षेपण सुरू केले. दुर्मीळ ठिकाणाशी संपर्क साधायला जगभरचे हॅम तुटून पडले होते. २६ डिसेंबरच्या पहाटे भारती संचावर असतानाच जमीन हादरली. त्यानंतर त्सुनामी आली, बेटांचे दूरध्वनी मुके झाले. छंदासाठी नेलेले संच आणि अँटेना मग निकोबारशी, मुख्य भूमीशी दुवा जोडण्याच्या कामी आले. कोण सुखरूप आहे, कोणाचा पत्ता नाही, कुठे काय हवे आहे, हे निरोप त्यांवरून गेले. मराठवाड्याला अशा मदतीची ओळख त्याआधीच झाली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळी संच घेऊन धावली होती. लातूरचा परिसर एकेकाळी याच हैदराबाद संस्थानात होता. ते नाते नकाशावर पुसले गेले, पण सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सकाळी हैदराबादहून लातूर आणि पुणे आजही सहज ऐकू येते.

आपत्तीच्या या गोष्टी मुलांना सांगाव्यात, जरूर सांगाव्यात. पण त्या ऐकून मूल छंदाला लागते, असे मला वाटत नाही. संकटात उपयोगी पडण्याचा अभिमान मोठ्यांना पुरतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हवे असते ते हाताला काम आणि त्या कामातून निघणारा आवाज. हैदराबादने याबाबतीत जे केले ते जगात फार थोड्या शहरांना जमले आहे.

अश्हर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला बिटएक्स-२० नावाचा संच बेतला. बाहेरून आयात केलेला संच मध्यमवर्गीय घराला परवडणारा नव्हता, आणि देशी बाजारात खास भाग मिळत नव्हते. फरहान यांनी मंडलाचा बहुतेक भाग असा रचला की तेच ॲम्प्लिफायर, तेच फिल्टर ऐकतानाही चालावे आणि बोलतानाही, फक्त दिशा उलटी. त्यामुळे निम्मे भाग वाचले. ट्रान्झिस्टर रोजच्या वापरातले, क्रिस्टल स्वस्तातले. कॉइलसाठी परदेशी टोरॉइड, म्हणजे कडीसारखा गाभा, मिळेना तर नळाचा प्लॅस्टिकचा वॉशर घ्यायचा आणि त्यावर तार गुंडाळायची. एवढ्यावर चौदा मेगाहर्ट्झला सहा वॅटचा आवाज तयार होत असे. आराखडा सर्वांसाठी खुला होता. जगभरच्या लोकांनी तो करून पाहिला, सुधारला, एकमेकांना शिकवला.

पुढे २०१६ मध्ये सात मेगाहर्ट्झसाठी बिटएक्स-४० आला, मग अनेक पट्ट्यांवर चालणारा मायक्रोबिटएक्स. बिटएक्स-४० चा जोडलेला बोर्ड परदेशातल्या ग्राहकाला ५९ डॉलरला मिळे. या बोर्डांवरच्या कॉइल हैदराबादमधल्या महिलांचा एक गट हाताने गुंडाळत असे. जपान-अमेरिकेच्या कंपन्यांचे संच घेणे हेच हॅम असण्याचे लक्षण मानले जात होते, तेव्हा या शहराने उलटा प्रवाह सुरू केला. बंजारा हिल्समधल्या लामकान या खुल्या सांस्कृतिक जागेचे फरहान हे एक संस्थापक. नाटक, गाणे, चर्चा, चहा आणि समोसे यांच्या त्या अंगणात रेडिओ क्लबही आहे. कॉलेजातली मुले इथे नाटक पाहायला येतात आणि कोपऱ्यात कोणी सोल्डर लावताना दिसतो. सोमाजीगुड्यातल्या संस्थेच्या वर्गखोलीत जे होत नाही ते अशा जागी होते. हौस ही दुसऱ्याची पाहून लागते, अभ्यासक्रम वाचून लागत नाही.

आता वयाच्या वादाकडे येऊ. परवाना कोणाला द्यायचा हे प्रत्येक देश ठरवतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची अपेक्षा एवढीच, की चालकाची पात्रता तपासलेली असावी. अमेरिकेत वयाची अट नाही. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही तिथे परवाने मिळाले आहेत. ब्रिटनमध्येही आज किमान वय नाही. तिथे २००२ साली फाउंडेशन नावाची पहिली पायरी तयार केली गेली, छोटा अभ्यासक्रम आणि कमी शक्तीचा संच. जर्मनीने २०२४ मध्ये नवशिक्यांसाठी अशीच सोपी श्रेणी सुरू केली. जपानने चौथ्या श्रेणीच्या सोप्या परवान्यावर एक अख्खी पिढी हवेत आणली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिथे तेरा लाखांहून अधिक हौशी केंद्रे होती.

आपल्याकडे दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. पहिलीला मोर्सची परीक्षा नाही, दुसरीला मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स लागतो. मोर्स सक्तीचा ठेवण्याचे आंतरराष्ट्रीय बंधन २००३ मध्येच उठले, अमेरिकेने २००७ मध्ये तो परीक्षेतून काढून टाकला. मोर्स सुंदर आहे. मुलांना तो गुप्त भाषेसारखा आवडतोही. पण आवडीची गोष्ट दारावरची अट झाली की तिची गोडी जाते.

बारा वर्षे म्हणजे सातवी. ओहमचा नियम शाळेच्या पुस्तकात रीतसर येतो तो दहावीत. रेडिओची परीक्षा मात्र त्याच नियमापासून सुरू होऊन अनुनाद, मॉड्युलेशन, आयनांबर आणि नियमावलीपर्यंत जाते. कागदावर वेस बाराव्या वर्षी उघडते, प्रत्यक्षात ती पंधरा-सोळाव्या वर्षी उघडते, आणि तेव्हा घराघरात दहावीची आणि आयआयटीची शिकवणी सुरू झालेली असते. हैदराबादमध्ये तर अनेक मुले सहावी-सातवीपासूनच त्या चरकात असतात. म्हणून किमान वय दहा करा किंवा आठ करा, एवढ्याने फार काही हलणार नाही. त्या वयाला झेपेल अशी खालची पायरीच आपल्याकडे नाही.

वय कमी करू नये म्हणणाऱ्यांचे आक्षेप हलके नाहीत. प्रक्षेपणाची कायदेशीर जबाबदारी अज्ञान मुलावर कशी टाकायची? वीजपुरवठ्याला, उंचावरच्या तारांना हात लावण्याचा धोका कोणी सांभाळायचा? शिवाय अनोळखी प्रौढांशी लहान मूल बोलणार. यातला शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. पण हौशी रेडिओत संभाषण उघडे असते, सांकेतिक भाषेत बोलायला मनाई असते, आणि प्रत्येक संभाषणाला कॉलसाइन बांधलेला असतो. पालक शेजारी बसून सगळे ऐकू शकतात. मुलांच्या हातातल्या मोबाइलवर चालणाऱ्या बंद खोल्यांतल्या गप्पांपेक्षा हा व्यवहार कितीतरी सुरक्षित आहे. पहिल्या दोन आक्षेपांना पालकाची हमी आणि पाच वॅटची मर्यादा हे पुरेसे उत्तर आहे.

परवाने देण्यातल्या या संकोचाची मुळे जुनी आहेत. दुसरे महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशी परवाने थांबवले आणि संच जमा करायला लावले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवला, नोव्हेंबरात पोलिसांनी तो पकडला. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. नागरिकाच्या हातातला प्रक्षेपक म्हणजे संशयाची वस्तू, ही परकीय सत्तेची नजर होती. स्वातंत्र्यानंतर सत्ता बदलली, पण परवाना देण्याच्या रीतीत त्या नजरेची छाया राहिली.

ही छाया सर्वांत जास्त जाणवते परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर. कागदपत्रे, पडताळणी, सुरक्षा मंजुरी यांत महिनोन्महिने गेल्याचे, कधी वर्ष उलटल्याचे अनुभव हॅम वर्तुळात सर्रास ऐकू येतात. चाळिशीच्या माणसासाठी एक वर्ष काहीच नसते. बारा वर्षांच्या मुलीचे एका वर्षात गणवेशाचे माप बदलते, मैत्रिणी बदलतात, आवडीही बदलतात. कॉलसाइन घरी येईपर्यंत तिचा संच माळ्यावर गेलेला असतो. वयाच्या अटीवर आपण जेवढे भांडतो त्याच्या निम्म्याने जरी या विलंबावर भांडलो असतो, तर आज हवेत तरुण आवाज अधिक असते.

परवाना हाती आला तरी अडचण संपत नाही. सात मेगाहर्ट्झच्या साध्या डायपोलला सुमारे वीस मीटर तार ताणावी लागते. कुकटपल्ली किंवा गच्चीबावलीच्या उंच इमारतीत ती कुठे ताणायची? गच्चीची परवानगी सोसायटीकडून मिळवताना मोठ्यांच्या नाकी नऊ येतात, मुलांचे कोण ऐकणार? म्हणून शाळा-कॉलेजांच्या छतांवर क्लब केंद्रे हवीत. अशा केंद्रांतून काय घडू शकते याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. कर्नाटक आणि तेव्हाच्या आंध्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून केलेला स्टुडसॅट १२ जुलै २०१० रोजी अवकाशात गेला. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा जेमतेम किलोभर वजनाचा स्वयम् २२ जून २०१६ रोजी गेला. दोन्हींनी पृथ्वीशी बोलायला हौशी पट्टाच वापरला. त्याआधी ५ मे २००५ रोजी इस्रोने खास हॅमसाठी हॅमसॅट सोडला होता, साडेबेचाळीस किलोचा. जुलै २०१४ पर्यंत तो चालला. कमी खर्चात, हातातल्या छोट्या अँटेनाने उपग्रहातून बोलण्याचा आनंद त्याने जगभरच्या हॅमना दिला. त्याच्या तोडीचा दुसरा आपण अजून पाठवलेला नाही, ही खंत मी मोकळेपणाने नोंदवतो.

जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी अंतराळ स्थानकातून हॅम रेडिओवरून बंगळुरू आणि शिलाँगच्या विद्यार्थ्यांशी संवाद साधला. स्थानक डोक्यावरून जाते ती सारी दहा मिनिटे. अशा दिवशी मुलांचे डोळे कसे चमकत असतील हे सांगायला नको. प्रश्न दुसऱ्या दिवशीचा असतो. दुसऱ्या दिवशी त्या मुलांना पुन्हा माइकसमोर कोण बसवणार?

स्काउटांच्या जगात याचे उत्तर १९५८ पासून आहे. जांबोरी ऑन द एअर या वार्षिक उपक्रमात परवानाधारक हॅम शेजारी बसतो आणि मुले बोलतात. अमेरिकेत असे देखरेखीखालचे बोलणे एरवीही चालते, ब्रिटनने २०२४ मध्ये परवान्याच्या अटींत त्याला वाट करून दिली. आपल्याकडे २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे, १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा तो घेतो आहे. जुने नियम नव्या चौकटीत बसवण्याचे काम सुरू असताना हौशी रेडिओसाठी तीन गोष्टी मागायला हव्यात. नोंदणीकृत क्लब केंद्रावर परवानाधारकाच्या देखरेखीखाली कोणत्याही वयाच्या मुलाला बोलता यावे. पाच वॅटची, सोप्या परीक्षेची, पालकांच्या हमीवरची पहिली श्रेणी असावी, आणि तिच्या प्रश्नपत्रिका मराठी, तेलुगू, उर्दूतही असाव्यात. अर्जापासून कॉलसाइनपर्यंतची मुदत ठरलेली असावी, शाळेच्या एका सत्रापेक्षा लांब नसावी.

या मागण्या दिल्लीला पोचेपर्यंत हैदराबादच्या हॅमनी थांबण्याचे कारण नाही. सुरुवात संगणकापासूनही करता येते. जोसेफ टेलर यांना १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. किशोरवयात ते भावासोबत हॅम संच जुळवत असत, आणि निवृत्तीच्या वयात त्यांनी २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके यांच्यासह एफटी८ ही पद्धत दिली. गोंगाटात बुडालेला क्षीण संदेश संगणकाने उचलायची ही युक्ती आज जगभर सर्वाधिक वापरली जाते. प्रोग्रॅमिंग आवडणाऱ्या मुलांना रेडिओकडे आणणारा याहून सरळ रस्ता मला दिसत नाही. अंतराळ स्थानकाची चित्रे १४५.८ मेगाहर्ट्झवर अधूनमधून येतात. ती मोबाइलवर उतरवून घेताना हवेत काहीच सोडायचे नसते. कोठीतून भाग, लामकानच्या अंगणात टेबल, सोमाजीगुड्यातले अनुभवी शिक्षक आणि जांबागेपासून मियापूरपर्यंतच्या शाळांची छते. या शहराकडे सामग्री आहे. इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या आपल्या संस्थांनी एक खोली आणि वर एक तार एवढे दिले, तरी पहिला वर्ग येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भरवता येईल.