प्रेस घेताना काम पाहा, गिऱ्हाईकही पाहा

चिंचणीत दागिन्यांच्या डाय बनवण्याचा घरगुती धंदा आहे. घरी प्रेस बसवू इच्छिणाऱ्या कारागीर बांधवांनी आधी कामाचा अंदाज घ्यावा. नग थोडे आणि नमुने वारंवार बदलणारे असतील तर हाताचा स्क्रू प्रेस पुरतो; एकसारखे हजारो नग काढायचे असतील तरच पॉवर प्रेस परवडतो. जुना प्रेस घेताना स्क्रू ढिला नाही ना, रॅम सरळ उतरतो ना, हे पाहावे; नाहीतर डाय लवकर खराब होते.

पिस्तुलाची रिकामी काडतुसे पुन्हा भरण्यासाठी कोणी प्रेस किंवा डाय मागितली, तर साफ नकार द्यावा. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा बनवण्याचे यंत्रही दारूगोळ्यातच मोडते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. चार पैशांच्या मजुरीसाठी घरदार पणाला लावू नये.