नेटवर्क कार्डाची खरी ओळख

मदरबोर्डावरच जडवलेले नेटवर्क कार्ड वेगळे विकत घ्यावे लागत नाही, म्हणून त्याची चौकशीही सहसा कोणी करीत नाही; परंतु लिनक्ससारखी मुक्तस्रोत प्रणाली नव्याने बसविल्यावर तारेची जोडणी मृतवत् पडून राहिली, की ज्या इंटरनेटवरून उपाय मिळवावयाचा तेच बंद असल्याने मनुष्य हतबुद्ध होतो आणि हाती लागेल तो ड्रायव्हर बसवू लागतो. निदान चुकते ते येथेच.

प्रथम चिपची ओळख पटवावी. खोक्यावर छापलेले मदरबोर्डाचे नाव या कामी पुरेसे नसते. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-एनएनके’ या पर्यायासह दिली म्हणजे उपकरणाचा क्रमांक आणि त्याचा कारभार पाहणारा ड्रायव्हर, दोन्ही कळतात. यादीत कार्डच नसेल, तर ते बायोसमध्ये बंद केलेले आहे काय, ते पाहावे.

रिअलटेकच्या गिगाबिट कार्डांचा दाखला येथे विशेष उद्बोधक आहे. ‘१०ईसी:८१६८’ हा एकच क्रमांक त्या चिपच्या अनेक आवृत्त्या धारण करीत असल्यामुळे, कर्नलमधील (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील) ‘आर८१६९’ हा ड्रायव्हर चिपच्या रजिस्टरमधून निराळी खूण वाचतो आणि ‘एक्सआयडी’ या नावाने ती कर्नलच्या नोंदींत नमूद करतो. ही खूण अज्ञात असल्याचा शेरा तेथे आढळला, तर चिप नवी व कर्नल जुना, असे समजून नवा कर्नल घ्यावा. फर्मवेअरची फाइल सापडत नसल्याची तक्रार असेल, तर ड्रायव्हर बदलून लाभ नाही. ते फर्मवेअरच आणले पाहिजे. ते मुक्त परवान्याचे नसल्याने डेबियन या लिनक्स वितरणाने दीर्घकाळ आपल्या अधिकृत प्रतींतून वगळले होते, आणि २०२२ च्या मतदानानंतर, २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून त्याचा अंतर्भाव केला. मुक्तस्रोताच्या तत्त्वाचा मान राखूनही, हा निर्णय मला सर्वस्वी योग्य वाटतो.

निर्मात्याचा स्वतंत्र ‘आर८१६८’ ड्रायव्हर काही कार्डांना खरोखर तारतो. परंतु कर्नल बदलला की तो पुन्हा घडवावा लागतो, सिक्युअर बूट चालू असता स्वाक्षरीवाचून तो स्वीकारला जात नाही, आणि एकाच कार्डावर दोन ड्रायव्हरांनी हक्क सांगू नये म्हणून कर्नलमधल्या ड्रायव्हरला मज्जाव करावा लागतो. म्हणून तो अखेरचा उपाय समजावा.

तारेची जोडणी सुरू होईतोवर मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे, आणि कर्नल अद्ययावत असूनही दोष टिकला, तर एक्सआयडी व कर्नलच्या नोंदींसह तो आपल्या वितरणाच्या देखभालकर्त्यांना अवश्य कळवावा.