ऑयस्टर कार्डाचे कुलूप कसे उघडले?



लंडनमधल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या पाकिटात ऑयस्टर कार्ड असते, किंवा कधी काळी होते. २००३ मध्ये हे निळे कार्ड आले तेव्हा त्यात मायफेअर क्लासिक नावाची चिप होती. चिपला बॅटरी नसते. रीडरच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला वीज मिळते आणि मग दोघांचे बिनतारी बोलणे सुरू होते. ते कोणी चोरून ऐकू नये म्हणून क्रिप्टो-१ ही सांकेतिक पद्धत वापरली होती. ती चालते कशी, हे मात्र कंपनीने गुपित ठेवले. खरी गोम इथेच आहे.

डिसेंबर २००७ मध्ये कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ यांनी बर्लिनच्या परिषदेत सांगितले की चिपचे थर घासून सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले की पद्धत उलगडते. सापडले काय, तर जेमतेम ४८ बिटांची किल्ली! त्याहून वाईट म्हणजे 'रँडम' आकडा. तो अंदाजाबाहेरचा हवा. इथे तो चिपला वीज मिळून किती वेळ झाला यावर ठरत होता. वेळ नेमकी साधली की पुन्हा तोच आकडा. म्हणजे सारीपाटात फासे शकुनीमामांच्या हातात!

२००८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातील संशोधकांनी कार्डाची नक्कलच करून दाखवली. शोधनिबंध छापू नये म्हणून एनएक्सपी कंपनी कोर्टात गेली. जुलैमध्ये कोर्टाने तिची मागणी फेटाळली. माझ्या मते योग्यच झाले. दोष चिपमध्ये होता, निबंधात नव्हे. पुढे ऑयस्टरसाठी डेसफायर चिप आली. तिच्यातली सांकेतिक पद्धत जगजाहीर आहे, गुप्त असते ती फक्त किल्ली.

बँकेच्या कॉन्टॅक्टलेस कार्डाची गोष्ट वेगळी. ते प्रत्येक व्यवहाराला नवा कोड बनवते, त्यामुळे जुना ऐकलेला कोड पुन्हा चालत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती ऑफिसच्या आणि इमारतीच्या दारांची. कित्येक ठिकाणी रीडर किल्ली तपासतच नाही, फक्त चिपचा अनुक्रमांक वाचतो. तो क्रमांक चिप कुणालाही उघडपणे सांगते, आणि हवा तो क्रमांक लिहिता येणारी कोरी कार्डे बाजारात मिळतात. आपल्या इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्यांना एवढेच विचारा: "दार फक्त नंबर बघून उघडते का?" उत्तर 'हो' आले, तर हरवलेला फोब त्याच दिवशी बंद करून घ्या.